एक क्षेपणास्त्र आणि पंधरा मते
(सामान्यज्ञान व नागरिकशास्त्र : इयत्ता ८ वी ते १० वीसाठी)



२९ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी सहाच्या सुमारास उत्तर जपानमधील लोकांचे मोबाईल एकाएकी वाजू लागले, भोंगे सुरू झाले. पक्क्या इमारतीत किंवा तळघरात आसरा घ्या, अशी सरकारी सूचना होती. उत्तर कोरियाने सोडलेले क्षेपणास्त्र होक्काइडो बेटावरून जाऊन प्रशांत महासागरात पडले. लोकांच्या हाती जेमतेम चार-पाच मिनिटे होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण शेजाऱ्याने आपल्या छपरावरून धोंडा भिरकावला आणि तो अंगणापलीकडे पडला, म्हणून गप्प बसता येते का? अशा वेळी जग काय करते आणि त्याचा उपयोग किती होतो, ते आज पाहू.

निर्णय कोण घेते?

जागतिक शांततेची मुख्य जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर आहे. तिचे १५ सदस्य असतात. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन व फ्रान्स हे पाच कायम, तर उरलेले दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडलेले. महत्त्वाचा ठराव मंजूर होण्यास किमान ९ मते लागतात. शिवाय पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत देता कामा नये. हाच नकाराधिकार. सनदेच्या सातव्या प्रकरणातील ४१ व्या कलमानुसार, शस्त्र न वापरता व्यापार आणि दळणवळण यांवर निर्बंध घालता येतात. ते सर्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असतात.

'सरळ हल्ला का करत नाहीत?' असा प्रश्न तुम्हांला पडेल. नकाशा पाहा. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि उत्तरेच्या तोफा तिच्यावर रोखलेल्या आहेत. युद्ध पेटले तर पहिल्याच दिवशी हजारो निरपराध माणसे मरतील. म्हणून निर्बंधांचा मार्ग.

घटनाक्रम

१९९८ : ३१ ऑगस्टला उत्तर कोरियाचे क्षेपणास्त्र प्रथमच जपानवरून गेले. परिषदेत ठराव झाला नाही.

२००६ : जुलैमध्ये एकाच दिवशी सात क्षेपणास्त्रे सोडली गेली. जपानला कडक ठराव हवा होता. चीन व रशियाच्या आग्रहामुळे सातव्या प्रकरणाचा उल्लेख गाळून १५ जुलैला ठराव १६९५ एकमताने मंजूर झाला. उत्तर कोरियाने तो तत्काळ धुडकावला. ९ ऑक्टोबरला त्याने अणुचाचणी केली, तेव्हा मात्र १४ ऑक्टोबरला ठराव १७१८ अन्वये बंधनकारक निर्बंध आले.

२०१७ : जुलैत आंतरखंडीय क्षेपणास्त्राची चाचणी झाली. सप्टेंबरमध्ये अणुचाचणी आणि नोव्हेंबरमध्ये आणखी मोठे क्षेपणास्त्र. परिषदेने वर्षअखेरपर्यंत एकामागून एक कडक ठराव एकमताने केले. कोळसा, लोहखनिज, मासळी व कापड यांच्या निर्यातीवर बंदी आली. शुद्ध केलेल्या खनिज तेलाची आयात वर्षाला ५ लाख पिंपांवर आणली गेली.

२०२२ : मे महिन्यात नव्या निर्बंधांच्या ठरावाला १३ मते मिळाली. भारत तेव्हा परिषदेचा अस्थायी सदस्य होता; त्याचे मतही बाजूने होते. पण चीन व रशियाने नकाराधिकार वापरला. उत्तर कोरियावरील निर्बंधांच्या बाबतीत २००६ पासून असे प्रथमच घडले.

२०२४ : निर्बंध मोडणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञ मंडळाची मुदतवाढ मार्चमध्ये रशियाने रोखली. एप्रिलअखेर ते मंडळ संपले. निर्बंध कागदावर राहिले, पहारेकरी मात्र गेला.

यावरून काय समजते?

२०१७ आणि २०२२ यांची तुलना करा. मते १५ वरून १३ वर आली, फरक फक्त दोनाचा. पण परिणाम सर्वस्वी उलटा. उत्तर कोरियाचा बहुतेक व्यापार चीनशी चालतो. चीन सामील असला तर निर्बंधांना धार येते. नसला तर ती बोथट होते. चीनला दारात अराजक व निर्वासितांचे लोंढे नकोत. युक्रेन युद्धानंतर रशियाला उत्तर कोरियाकडून दारूगोळा मिळू लागला. प्रत्येक जण आपापला हिशेब पाहतो.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अन्न व औषधांना सवलत असली, तरी बँका आणि जहाज कंपन्या व्यवहार टाळतात, मदत अडकते. शिक्षा राज्यकर्त्यांना द्यायची असते, झळ मात्र गरिबाच्या चुलीला लागते.

मग निर्बंध निरर्थक आहेत का? तसे म्हणता येणार नाही. त्यांनी पैसा व सुटे भाग मिळणे अवघड केले. पण चाचण्या थांबल्या नाहीत. ठरावाचे बळ त्याच्या शब्दांत नसते, तो पाळणाऱ्यांच्या एकजुटीत असते. हे आपल्या वर्गाला, गावाला आणि संस्थेलाही लागू आहे.

स्वाध्याय

१. ठरावास १४ मते मिळूनही तो नामंजूर होऊ शकतो. कसे, ते लिहा.
२. नकाशात प्योंगयांग, सेऊल, तोक्यो व होक्काइडो दाखवा.
३. नकाराधिकार असावा की नसावा? घरी आई-वडिलांशी चर्चा करून दोन्ही बाजूंचे तीन-तीन मुद्दे लिहून आणा. वर्गात त्यावर वादविवाद घेऊ.