शाळेचे सूचनापत्रक : पाहणाऱ्यास व ऐकणाऱ्यासही सुगम

ग्रामीण शाळेची सूचना आज बहुधा पालकांच्या भ्रमणध्वनीवर जाते. पुष्कळदा कागदावर लिहिलेल्या मजकुराचे छायाचित्र काढून तेच पाठविले जाते. हा मार्ग सोपा खरा. परंतु दृष्टिहीन पालकाच्या दृष्टीने तो कोरा कागदच होय. भ्रमणध्वनीतील 'टॉकबॅक' ही वाचनयंत्रणा अक्षरे वाचून दाखविते; चित्रात अडकलेल्या हस्ताक्षराविषयी तिचा भरवसा धरता येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख अशा चित्रात गेली आणि मुलाचा अर्ज राहिला, तर त्यास पालकाची उदासीनता म्हणणे न्याय्य नव्हे. म्हणून एचटीएमएल व सीएसएस यांच्या साहाय्याने पालकसभेचे एक लहानसे सूचनापत्रक कसे रचावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. (खुणांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, संगणकावर ती रोमी अक्षरांतच टंकित करावीत.)

एचटीएमएल मजकुराचा अर्थ सांगते, सीएसएस त्याचे रूप ठरविते. रूपाची ही स्वतंत्र व्यवस्था होकोन व्हीउम ली यांनी १९९४ साली सुचविली व तिचे पहिले प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकाने प्रथम अर्थ लिहावा. रंगरूपाकडे मागाहून वळावे. 'पालकसभा' हा शब्द मोठा व ठळक केल्याने डोळ्यांना शीर्षक दिसते, कानांना नाही. त्यास 'एच-दोन' ही शीर्षकाची खूण दिली, तरच ऐकणाऱ्यास एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते. मजकुरास 'पी', तारखेस 'टाइम' व दुव्यास 'ए' ही खूण द्यावी. दुव्यावर 'येथे टिचकी मारा' असे लिहू नये. वाचनयंत्रणा केवळ दुव्यांची यादीही ऐकविते. त्या यादीत 'येथे' म्हणजे कोठे, हे कसे कळावे? 'पालकसभेची विषयपत्रिका वाचा' असे लिहिले की शंका उरत नाही.

पृष्ठाच्या आरंभीच्या खुणेत भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवावी. ही नोंद नसेल तर तोच मजकूर हिंदी वा इंग्रजी उच्चारयंत्रणेच्या हाती पडण्याचा संभव असतो. तिचा आणखी एक उपयोग लिपीच्या शिक्षकास विशेष रुचेल. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णलिपी निश्चित केली. तीत ल आणि श यांची मराठी वळणे आहेत. काही टंकांत ही वळणे साठविलेली असतात व भाषेची नोंद मराठी असेल तेव्हाच ती प्रकट होतात.

मजकूर युनिकोडमध्येच असावा. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांतील लेखन वरून देवनागरी दिसते, परंतु आत रोमी वर्णांचेच संकेत असतात. तो टंक नसलेल्या भ्रमणध्वनीवर त्याचा निरर्थक रोमी गोंधळ होतो, आणि वाचनयंत्रणा तो गोंधळच निष्ठेने वाचते.

आता रूप. 'व्ह्यूपोर्ट'ची नोंद करून पृष्ठाची रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी ठेवावी. एरवी भ्रमणध्वनी ते मोठ्या पडद्याचे समजून बारीक करून दाखवितो. पत्रकास ८०० पिक्सेल अशी ठाम रुंदी देऊ नये. 'मॅक्स-विड्थ' ३६ रेम, म्हणजे 'फार तर इतकी', अशी मर्यादा द्यावी. पडदा अरुंद झाला की पत्रक आपोआप आटोपते. चित्र असल्यास त्याची कमाल रुंदी १०० टक्के ठेवावी व 'आल्ट' या जागी त्याचे शब्दांत वर्णन द्यावे. अक्षरांचे मापही रेममध्ये असावे, म्हणजे वाचकाने आपल्या सोयीने केलेली वाढ मोडत नाही. देवनागरीस वर वेलांट्या व खाली उकार असल्याने ओळींतील अंतर १.६ च्या आसपास ठेवणे इष्ट.

रंगाविषयी शिक्षकांनी विशेष जपावे. कापूस वेचणीच्या दिवसांत पालक सूचना वाचतात ती बहुधा शेतातल्या उन्हात. पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरे तेथे कोणासच दिसत नाहीत, दृष्टी मंद असलेल्यास तर घरातही नाहीत. अक्षर व पार्श्वभूमी यांतील तेजाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 'तांबड्या अक्षरांतील सूचना महत्त्वाची' असेही म्हणू नये. 'महत्त्वाचे' हा शब्दच लिहावा.

हे सारे केवळ सौजन्याचे काम नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४२ व्या कलमात माहिती सुगम करण्याविषयी तरतूद आहे.

वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने उत्पादक हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. त्याच न्यायाने सातवीच्या मुलांकडून नकली नव्हे, येत्या सभेचेच पत्रक करून घ्यावे. साधा मजकूर-संपादक पुरतो. रचना करताना इंटरनेटही लागत नाही. पत्रक तयार झाल्यावर भ्रमणध्वनी उभा व आडवा धरून पाहावा, अक्षरे दुप्पट करावी, संगणकावर केवळ 'टॅब' कळीने दुव्यापर्यंत पोहोचता येते का हे तपासावे. अखेरीस टॉकबॅक चालू करून एका मुलाने डोळे मिटून पत्रक ऐकावे व सभेचा दिवस, वेळ आणि विषय इतरांस सांगावेत. त्यास जे सांगता आले नाही, तेवढा भाग पुन्हा लिहावयास घ्यावा.