अमेरिकेच्या बाजारात राउटर उतरवताना

पुण्यात बसून अमेरिकेला वायरलेस राउटर विकायचे, तर आधी एफसीसीची, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची मंजुरी हवी. आपल्याकडचं ईटीए, म्हणजे वायरलेस उपकरणाला मिळणारं इथलं मंजुरीपत्र, तिथे कामाला येत नाही. या कामात बरीच वर्षं घालवल्यावर नव्या उद्योजकांना सांगावंसं वाटतं ते असं :

१. मंजुरी कंपनीला मिळत नाही, चाचणी झालेल्या नेमक्या उपकरणाला मिळते. हे सगळ्यात आधी खरेदी खात्याला सांगा. ‘तसाच आहे, स्वस्तात मिळाला’ म्हणून त्यांनी दुसरा अँटेना आणला आणि त्याचा गेन जास्त निघाला, की पुन्हा चाचणी, पुन्हा अर्ज.

२. लॅबमध्ये घात होतो तो कडेच्या चॅनेलवर. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच २५०० पर्यंत राखीव पट्टा सुरू होतो. तिथली मर्यादा फार कडक. चेंबरमध्ये टेबलावर राउटर गोल फिरत असतो, तीन मीटरवरचा अँटेना वर-खाली होत असतो. चॅनेल ६ वर सगळं व्यवस्थित दिसतं. चॅनेल ११ लावला की आलेखाचा उतार त्या राखीव पट्ट्यात सांडतो. म्हणून लॅबची तारीख घेण्याआधी हे आपल्याच बाकावर तपासा आणि फर्मवेअरमध्ये त्या एका चॅनेलची पॉवर उतरवून ठेवा. यात घालवलेला आठवडा मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

३. पहिल्या उत्पादनाला मंजुरी असलेलं तयार मॉड्युलच वापरा. बाहेरच्या लेबलवर त्याचा एफसीसी आयडी छापावा लागतो. मात्र तुमच्या बोर्डाचा स्वतःचा गोंगाट तपासावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

४. प्रमाणपत्र निघालं की चाचणी अहवाल आणि फोटो जगाला खुले होतात. सर्किटचे आराखडे गुप्त ठेवायचे तर तसं पत्र अर्जासोबतच द्या. आतले फोटो १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवता येतात. आणि हो, इतरांचे अहवाल जरूर वाचा. इतकी चांगली फुकटची शाळा दुसरी नाही.

५. २०२३ पासून अर्जात अमेरिकेत पत्ता असलेल्या प्रतिनिधीचं नाव द्यावं लागतं. कायदेशीर नोटिसा त्याच्या हाती पडतात. न्यू जर्सीतला मावसभाऊ ‘टाक माझं नाव’ म्हणेलही, पण त्याला आधी नीट समजावून सांगा : तिथली विक्री आणि आयात कायमची थांबल्यावरही किमान वर्षभर ही जबाबदारी त्याच्याकडे राहते.