विद्यापीठ मोठे, पण आपल्या विद्यार्थ्याला योग्य कोणते?

बारावीचा निकाल लागला की रहाटणीसारख्या वस्तीत घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : पुढे कोठे? पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामासाठी आलेल्या अनेक कुटुंबांत पदवीचा उंबरठा ओलांडणारी ही पहिलीच पिढी होय. अशा घरी सल्ला विचारला जातो तो शिक्षकाला किंवा परिचयातील शासकीय कर्मचाऱ्याला. चुकीच्या सल्ल्याची किंमत मात्र विद्यार्थ्याला वर्षांनी मोजावी लागते.

रहाटणीकरांना जवळचे मोठे सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे गणेशखिंड येथील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. 1949 साली त्याची स्थापना झाली, डॉ. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. 2014 मध्ये विद्यापीठास सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

विद्यापीठ आणि महाविद्यालय

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. विद्यापीठाच्या आवारातील विभागांत मुख्यतः पदव्युत्तर अध्यापन व संशोधन चालते. बारावीनंतरचा बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयात शिकतो; पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. म्हणून केवळ विद्यापीठाचे नाव पाहून भागत नाही. वर्गातील विद्यार्थिसंख्या, प्राध्यापकांच्या भरलेल्या जागा, प्रयोगशाळा व ग्रंथालय प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

लाभ आणि मर्यादा

मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात विषयांची विविधता, समृद्ध ग्रंथालय आणि नानाविध भागांतून आलेले सहाध्यायी लाभतात. गरजू विद्यार्थ्यांसाठी 'कमवा व शिका' योजना आहे. परंतु विस्तार मोठा, तेथे व्यक्तिगत लक्ष थोडे. अर्ज, परीक्षा, निकाल यांचा पाठपुरावा स्वतःच करावा लागतो. स्वयंशिस्त असलेल्या विद्यार्थ्याला हे वातावरण घडविते. सतत हात धरण्याची गरज असलेला तेथे हरवू शकतो. त्याला घराजवळचे लहान महाविद्यालय अधिक मानवेल.

खर्चाचा हिशेब

शुल्कासोबत प्रवास, पुस्तके व भोजन यांचाही हिशेब मांडावा. शैक्षणिक वर्ष 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणे मात्र आवश्यक आहे. खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळली आहेत, हे प्रवेशापूर्वीच ध्यानात घ्यावे. खाजगी विद्यापीठाचा विचार असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता तपासावी.

इतर वाटा

नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी 1989 पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ज्याचे मन यंत्रात रमते, त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तंत्रनिकेतन आणि त्यानंतरची कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी अधिक उपयोगी पडते. तंत्रनिकेतनाच्या पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मिळू शकतो. ही वाट कमी प्रतीची मानू नये.

सल्ला देणाऱ्याने प्रथम विद्यार्थ्याची आवड, स्वभाव व घरची परिस्थिती विचारावी. संस्थेचे नाव नंतर सुचवावे. विद्यापीठाची कीर्ती त्याच्या इतिहासात असते. विद्यार्थ्याचे हित मात्र त्याला तेथे तीन-चार वर्षे टिकून शिकता येते की नाही, यावर अवलंबून असते.