जिम्नीला टायर किती मोठे?

प्रश्न : माझी जिम्नी कंपनीतून आली तशीच आहे. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चिखलात अडकते. सस्पेन्शन न उचलता २३५/७५ आर १५ टायर बसतील का?

उत्तर : बसवू नका. मूळच्या साडेपाच इंची रिमला तो फार रुंद आहे. तुमचा १९५/८० टायर साधारण ६९३ मिलिमीटर उंच, हा ७३३. पण गाडीच्या पोटाखालची जागा त्या फरकाच्या निम्मीच, २० मिलिमीटरने वाढते. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर जवळपास सहा टक्के कमी वेग दाखवेल, दीड लिटरचं इंजिन चढावर दमेल, ब्रेकवरही ताण येईल. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चाक दगडावर चढवलं, की टायर कमानीतल्या प्लास्टिकला घासेल. तिथे काळा, चकचकीत पट्टा उमटलेला दिसेल.

२१५/७५ आर १५ घ्या, ऑल-टेरेन नक्षीचा. उंची जेमतेम १० मिलिमीटरने वाढते. चिखलात पकड देते ती नक्षी. खरं तर आधी मूळ मापातच तशी नक्षी मिळते का पाहा.

बदलाल तर पाचही बदला, स्टेपनीसकट. जिम्नीत मधला डिफरन्शिअल नसतो. फोर-व्हील लावल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. एक चाक वेगळ्या मापाचं असलं, तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर जातो. त्याची दुरुस्ती टायरपेक्षा महाग पडते. वॉरंटी आणि विम्याबद्दल आधी लेखी विचारून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर राहू नका.