चोवीस काडेपेट्या आणि एक गव्हाण: घरच्या नाताळ कॅलेंडरचा खर्च

1 डिसेंबरपासून नाताळपर्यंत रोज एक खण उघडायचा आणि आतलं छोटं खेळणं बाहेर काढायचं. असं चोवीस खणांचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर एकदा मोबाइलवर दिसलं की पोर दुसरं काही बोलतच नाही. आमच्या घरी हट्ट धरणारी धाकटी चार वर्षांची आहे. ते बाहेरून मागवावं की आमच्या काष्टी गावच्या शनिवारच्या बाजारातल्या सामानातून घरी करावं, याचा हिशेब मी मांडला होता. तो इथे देतो.

आधी विकतचं. लेगोच्या ‘सिटी’ मालिकेतलं 2024 चं कॅलेंडर अमेरिकेत 35 डॉलरला होतं. म्हणजे मूळ किंमतच आपल्याकडच्या तीन हजारांच्या घरात जाते, वाहतूक आणि आयातशुल्क वेगळं. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. ‘आत्या तिकडून भेट म्हणून पाठवेल, भेटीला कुठे शुल्क लागतं?’ असं अजून बरेच जण म्हणतात. टपाल-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत. आत्या स्वतःच येणार असेल तर तिच्या बॅगेतून आणवा, तेच परवडतं.

घरी करायचं तर काडेपेट्या घ्या. एक पेटी दोन रुपयांना, 1 डिसेंबर 2021 ला एकाचे दोन झाले. दहाचे तीन पुडे साठ रुपयांत येतात आणि सहा पेट्या उरतात, त्या ठेवा, कारण एखादी पायाखाली येतेच. काड्या झाकणाच्या डब्यात भरून उंच फळीवर टाका. पेटीच्या बाजूंना काडी ओढायचा जो पट्टा असतो त्यात फॉस्फरस असतो, म्हणून तो रंगीत कागदाने पुरता झाका. कागद 35 रुपये, डिंकाची बाटली 25. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर सहा-सहाच्या चार ओळी चिकटवल्या की झालं. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील कॅलेंडर काढलं, तेही लहानपणी आईने पुठ्ठ्यावर गोड तुकडे लावून दिले होते त्या आठवणीतून.

आत काय भरायचं? प्लॅस्टिकच्या प्राण्यांचं दहा नगांचं पाकीट मला 120 रुपयांना पडलं. प्राणी दीड इंचाच्या आतले बघा, नाहीतर खण बंद होत नाही. बैलांच्या साजाच्या दुकानात सुटे घुंगरू मागितले, चार घुंगरांचे 40 रुपये झाले. खडीसाखर 20 रुपयांची. हे अठरा खण झाले.

उरलेल्या सहा खणांत मी चित्रांच्या चिठ्ठ्या ठेवल्या, कारण नाताळच्या देखाव्यातली खरी वस्तू खणात मावत नाही, ती घरात लपवायची. पहिली चिठ्ठी गव्हाणीची, मग बैल, मेंढपाळ, योसेफ, मरिया आणि चोविसाव्या खणात बाळ. माणसं घरीच शाडूची केली, शाडू 30 रुपयांचा. बैल पोळ्याचा, मातीचा, तो जपून ठेवलेला होता. मराठी बायबलातही शब्द गव्हाणीचाच आहे. जनावरांच्या बाजाराच्या गावातल्या पोराला गव्हाण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या धाकटीने चिठ्ठी पाहिली आणि थेट दाराबाहेर जाऊन चिमूटभर कडबा घेऊन आली.

एकूण खर्च 330 रुपये.

आता काळजीचं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. पाकिटावर ती नसेल तर घेऊ नका. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर घुंगरू, गोट्या, खडीसाखर पूर्ण टाळा. साधारण 32 मिलिमीटरच्या गोल भोकातून जी वस्तू जाते ती त्या वयाला धोक्याची. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज येतो. बटण सेलचं किंवा लोहचुंबकाचं खेळणं कोणत्याच खणात नको.

2026 मध्ये आगमनकाळाचा, म्हणजे अ‍ॅडव्हेंटचा, पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आहे, आणि 28 चा शनिवार हा 1 डिसेंबरआधीचा शेवटचा बाजार. मी सांगेन, 21 लाच उरका. पुठ्ठा चिकटवायला एक संध्याकाळ जाते.

दोन मुलं असतील तर एकाला सम, एकाला विषम तारखा द्या, बारा-बारा होतात. चोविसावा खण दोघांनी मिळून उघडायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. सकाळी शाळेच्या घाईत मात्र खण उघडू देऊ नका. आम्ही दिवेलागणीनंतर बसायचो. धाकटी अंगठ्याने मागून पेटी ढकलायची, घुंगरू कानाशी हलवून बघायची, पुन्हा आत ठेवून खण बंद करायची आणि पेटी माझ्यापुढे धरायची: “आता तुम्ही उघडा, बाबा. आत काय आहे, ते तुम्हाला माहीत नाही.” एकाच खणावर असे तीन-चार फेरे व्हायचे. ही पंधरा मिनिटं रोज मोकळी ठेवता येत नसतील, तर तीन हजारांचंही घेऊ नका आणि तीनशेचंही करू नका.

नाताळ झाला की शाडूची माणसं जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, पुठ्ठा कपाटामागे उभा करा. पुढच्या वर्षी खडीसाखर आणि फाटलेल्याच्या जागी नवा कागद एवढंच आणावं लागतं, पंचावन्न रुपयांच्या आत भागतं. बैलाचं एक शिंग मोडलंय. पोळ्याला नवा बैल आणू म्हटलं तर धाकटी नको म्हणते.