घाबरून सौदा करू नकोस

काचीगुडा, हैदराबाद

चि. निखिल यास,


तुझं पत्र मिळालं. तुमचा बास्केटबॉल संघ गुणतक्त्यात तळाला आहे, अदलाबदलीची मुदत जवळ आली आहे आणि मालकांचा तगादा आहे की काहीतरी करून दाखवा. खेळाडूंच्या आकडेवारीचं काम तुझ्याकडे असल्यामुळे पहिला प्रस्ताव तुलाच मांडायचा आहे. तुझ्यासमोर तीन वाटा आहेत. पुढच्या हंगामांतले खेळाडू निवडीचे पहिले हक्क देऊन पस्तिशीतला एक नामवंत गार्ड आणायचा, ही पहिली. तुमचा सर्वांत चांगला खेळाडू देऊन त्याच्या बदल्यात तीन तरुण घ्यायचे, ही दुसरी. आणि आहे तोच संघ सांभाळून हंगाम पुरा करायचा, ही तिसरी. यातली कोणती धरू, असं तू विचारलं आहेस.

त्याआधी एक काम कर. संघ नेमका कशामुळे हरतो आहे, ते एका वाक्यात लिहून काढ. ते वाक्य जमत नसेल तर कुठलाही सौदा करायचा तुम्हाला अधिकार नाही, असं मी म्हणेन. आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी बास्केटबॉलचा निकाल ठरवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत, त्या तुला पाठ आहेत: नेमबाजीची अचूकता, हातचा चेंडू गमावणं, रिबाउंड आणि फ्री थ्रो. हरलेला प्रत्येक सामना या चार कसोट्यांवर तपास. आपल्या बास्केटखालचे रिबाउंड सतत प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात असतील तर नवा नेमबाज आणून काय होणार? सामने शेवटच्या पाच मिनिटांत दोन-तीन गुणांनी हातचे जात असतील तर तो रोग वेगळा, आणि मध्यंतरालाच वीस गुणांनी मागे पडत असाल तर तो वेगळा. गुणतक्त्यात दोन्ही संघ तळालाच दिसतात, पण त्यांचं औषध एक नसतं.

उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्या तेलुगू टायटन्सकडे बघ. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी, २०२३ च्या लिलावात, त्यांनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतलं. लीगच्या इतिहासातली ती तोवरची सर्वांत मोठी बोली होती. पवनसारखे चढाईपटू देशात मोजकेच, त्याच्या खेळाविषयी वादच नाही. तरीही त्या हंगामात २२ सामन्यांतले फक्त २ जिंकून संघ शेवटचा आला. कबड्डीत चढाईपटू बाद होऊन बाहेर गेला की आपल्या संघाने समोरचा गडी बाद केल्याशिवाय तो सहसा परत येत नाही. बचाव कच्चा असेल तर कोट्यवधींचा चढाईपटू बाकावर बसून राहतो. पैसा चढाईवर ओतला आणि दुखणं मात्र पकडीत होतं. पुढे कृष्णकुमार हुडा प्रशिक्षक म्हणून आले, संघाची घडी बसत गेली आणि २०२५ मध्ये हाच संघ पवनशिवाय, विजय मलिकच्या नेतृत्वाखाली बाद फेरीत पोचला. मोठं नाव आणण्यात गैर काही नाही. ते नाव संघातली कोणती उणीव भरून काढणार आहे, हे आधी ठरायला हवं.

दुसरं काम हिशेबाचं. मालकांना विचारायला संकोच वाटेल, तरी विचार: सगळ्यांचे पगार वेळेवर होत आहेत का? हैदराबाद एफसीने मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला हरवून फुटबॉलची इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा आपल्या शहराला केवढा आनंद झाला होता! नंतर पैशांची अडचण आली, पगार थकले, देणी राहिल्यामुळे नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली आणि २०२३-२४ च्या हंगामात खेळाडू एकेक करून निघून गेले. विजेता संघ दोन वर्षांत तळाला गेला आणि पुढे हैदराबादच सोडून दिल्लीला गेला. त्या पडझडीला मैदानावरचे कुठलेही डावपेच पुरे पडले नसते. तेव्हा नव्या खेळाडूचं मानधन कुठून येणार, हे कागदावर दिसल्याखेरीज त्याचं नावही प्रस्तावात घालू नकोस.

आता तुझ्या तीन वाटांकडे येतो.

पहिल्या वाटेवर जाऊ नकोस, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. भविष्यातले हक्क देऊन उतरत्या वयाचा नामवंत आणणं म्हणजे पेरणीसाठी राखलेलं बी दळून भाकरी करणं. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये २०१३ साली ब्रुकलिन नेट्सने बॉस्टन सेल्टिक्सकडून ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स घेतले. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे निवडहक्क दिले, शिवाय २०१७ चा हक्क बॉस्टनला हवा तर बदलून घेण्याची मुभा दिली. त्या हक्कांवर कुठलीही अट किंवा संरक्षण नव्हतं. पुढच्या मोसमात नेट्सने बाद फेरीतली एकच मालिका जिंकली. मग संघ ढासळत गेला आणि २०१६-१७ मध्ये ८२ पैकी जेमतेम २० सामने जिंकून तो सर्वांत खाली गेला. तळाच्या संघाला निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते, पण एवढं हरूनही तो फायदा त्यांना मिळेना, कारण निवडीचा हक्क बॉस्टनकडे होता. २०१६ च्या हक्कातून बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला. २०१७ चा पहिला क्रमांक त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि आणखी एक हक्क घेतला, आणि त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम निवडला. याच दोघांच्या जोरावर बॉस्टनने २०२४ चं विजेतेपद मिळवलं. असे सौदे घातक ठरतात म्हणून एनबीएमध्ये नियमच आहे की संघाने येणाऱ्या सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क गमावता कामा नयेत. क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपले हक्क उधळले, त्यावरून तो नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या लीगमध्ये असा नियम नसेल तर तो तुम्ही स्वतःवर घालून घ्या.

दुसरी वाट अवघड आहे, म्हणून तिच्यावर जास्त विचार कर. आपल्या शहरातला याचा उत्तम दाखला म्हणजे आयपीएलमधली क्रिकेटपटू शिखर धवनची अदलाबदल. २०१८ च्या अखेरीस सनरायझर्स हैदराबादने धवन दिल्लीला दिला आणि विजय शंकर, शाहबाज नदीम व अभिषेक शर्मा हे तिघे घेतले. धवनची किंमत ५ कोटी २० लाख होती. विजय आणि नदीम प्रत्येकी ३ कोटी २० लाखांचे आणि अभिषेक ५५ लाखांचा. म्हणजे तिघांची बेरीज ६ कोटी ९५ लाख झाली आणि वरचा फरक हैदराबादने रोख भरला. त्या वेळी सगळी चर्चा धवन, विजय आणि नदीम यांची होती. अठरा वर्षांच्या अभिषेकची फारशी कोणी दखल घेतली नाही. धवनने दिल्लीला भरभरून दिलं: २०१९ मध्ये ५२१ धावा, २०२० मध्ये ६१८, आणि त्या वर्षी दिल्ली पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. तेव्हा कोणालाही वाटलं असतं की हैदराबाद फसलं. अभिषेक सुरुवातीची तीन वर्षं जेमतेम खेळला. २०२२ मध्ये त्याने ४२६ धावा केल्या, २०२४ मध्ये ४८४ धावांची आतषबाजी केली, आणि १२ एप्रिल २०२५ रोजी आपल्या उप्पलच्या मैदानावर पंजाबविरुद्ध ५५ चेंडूंत १४१ धावा कुटल्या. त्याच वर्षी तो टी-२० फलंदाजांच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला.

यातून दोन गोष्टी घे. एक, तरुण खेळाडू घ्यायचा तर त्याला वेळ देण्याची तयारी आधी हवी. दुसऱ्याच मोसमात त्याला सोडून दिलं असतं तर हैदराबादच्या हाती काय राहिलं असतं? दुसरी, दोन्ही संघांचा फायदा होईल असा सौदा शोध. दिल्लीला तेव्हा अनुभवी सलामीवीर हवा होता, तो त्यांना मिळाला. समोरच्याला फसवून काही मिळवलंस, तर पुढच्या वर्षी तुझा फोन कोणी उचलणार नाही.

पण क्रिकेटचा हा धडा बास्केटबॉलला जसाच्या तसा लावू नकोस. क्रिकेटमध्ये अकरा जण असतात आणि फलंदाज बाद झाला की त्याचं काम संपतं. तुमच्या खेळात मैदानावर पाचच जण, आणि उत्तम खेळाडू बहुतेक वेळ मैदानावरच असतो. त्यामुळे एकाच्या बदल्यात तीन घेतले तरी ते तिघे एका जागी खेळू शकत नाहीत. अशा सौद्यात ज्याच्याकडे सर्वांत चांगला खेळाडू जातो, तोच संघ सहसा वरचढ ठरतो. म्हणून आपला पहिला खेळाडू द्यायची वेळ दोनच प्रसंगी येते: त्याचा करार संपत आला आहे आणि त्याला राहायचं नाही, किंवा संघ बहरेपर्यंत त्याचं वय उलटून जाणार आहे. यातलं काही नसेल तर त्याला हात लावू नकोस. द्यावाच लागला, तर तीन मध्यम खेळाडूंपेक्षा एक खरोखर होतकरू मुलगा आणि एक निवडहक्क माग.

राहिली तिसरी वाट. काही न करणं हे मालकांना भेकडपणाचं वाटतं, प्रेक्षकांनाही. पण संघ न मोडताही तो उभा राहू शकतो. डेक्कन चार्जर्स आठवतात ना? २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये १४ पैकी २ सामने जिंकून आपला संघ शेवटचा आला होता. तेव्हा सगळा संघ मोडून काढा, असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी ॲडम गिलख्रिस्टकडे नेतृत्व सोपवलं, डॅरन लेहमनला प्रशिक्षक केलं आणि गिब्ज, रोहित शर्मा, आर. पी. सिंग, प्रग्यान ओझा या आपल्याच खेळाडूंवर विश्वास ठेवला. २४ मे २००९ रोजी जोहान्सबर्गमध्ये बेंगळुरूला ६ धावांनी हरवून तेच विजेते झाले. त्याच संघाची पुढची गोष्टही लक्षात ठेव. २०११ च्या लिलावापूर्वी त्यांनी रोहितला राखलं नाही. मुंबई इंडियन्सने त्याला २० लाख डॉलरना घेतलं आणि त्याच्या नेतृत्वाखाली पाच विजेतेपदं मिळवली. आपल्या घरात वाढणाऱ्या मुलाची खरी किंमत आपल्यालाच आधी कळायला हवी.

तू लिहिलेल्या माहितीवरून माझा सल्ला असा. तुमचा एकवीस वर्षांचा सेंटर अजिबात देऊ नका, कोणी कितीही मोठं नाव पुढे केलं तरी. पहिले निवडहक्क देऊ नका. तुमच्या बाकावर दोन अनुभवी गार्ड आहेत. बाद फेरीच्या वाटेवरच्या एखाद्या संघाला त्यातल्या एकाची गरज असेल. त्याच्या बदल्यात रिबाउंड घेणारा, बचावात घाम गाळणारा खेळाडू माग. अशा खेळाडूच्या फोटोखाली बातमी छापून येत नाही, पण तुमची उणीव रिबाउंड आणि बचावातली ठरली, तर ती तोच भरून काढेल. आणि प्रशिक्षकांशी बसून शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोणाच्या हातात असावा, हे आजच ठरवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. तुझ्या तक्त्यात ज्यांची नावं आहेत, ती माणसं आहेत. कोणाची बायको याच शहरात नोकरी करते, कोणाचं मूल यंदाच शाळेत जाऊ लागलं आहे, कोणी आईच्या उपचारासाठी इथे राहतो आहे. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय त्याची अदलाबदल होत नाही. अमेरिकेत बहुतेक खेळाडूंना तो अधिकार नसतो. ‘तुला दिलं’ एवढंच त्यांना कळवलं जातं. तुमच्या करारात काहीही लिहिलेलं असो, ज्याच्याविषयी बोलणी चालू आहेत त्याला ती तुमच्याच तोंडून कळली पाहिजेत, आणि निर्णय होण्याआधी कळली पाहिजेत. बातमी त्याला फोनवरून दुसऱ्या कोणाकडून समजली, तर उरलेले खेळाडूही मनाने त्याच दिवशी संघ सोडतात. तू स्वतः खेळलेला आहेस, तुला हे मी समजावून सांगायला नको.

मालक रागावतील. समाजमाध्यमांवर लोक शिव्या देतील. तरी ज्या सौद्याचं कारण तुला एका वाक्यात सांगता येत नाही, त्याची शिफारस करू नकोस. नोकरी जाईल या भीतीने चुकीचा सल्ला दिलास, तर नोकरीही टिकत नाही आणि शब्दही जातो. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर संघाची उणीव लिही, दुसऱ्यावर हिशेब, आणि खेळाडूंची नावं त्यानंतर. मालकांसमोर शांतपणे, नजर वर ठेवून बोल.

प्रस्ताव तयार झाला की मला पाठव. मी वाचून लगेच कळवीन.

तुझे,
सर