फड सगळ्यांना खुला, पण...
(हौशी गोल्फर व्यावसायिक स्पर्धेत कसा पोहोचतो?)

शीर्षक वाचून पान उलटू नका. आपल्या होस्टेलमध्ये गोल्फ कुणी खेळत नाही हे मला माहीत आहे. मीसुद्धा खेळत नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत देवगाव रंगारीला घरी गेले असताना टीव्हीवर गोल्फ चालू होतं आणि आमचे आबा चष्मा पुसून बघत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बाई, यांची निवड कोण करतं?"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी कॉमेंट्री मला कळत होती, पण या प्रश्नाचं उत्तर काही येईना. मग सुट्टी संपेपर्यंत तेच वाचत बसले. उत्तर असं निघालं: काही जागांसाठी निवड कोणीच करत नाही! अर्ज भरा, पात्रता फेरी खेळा, फटके कमी लागले तर आत, नाहीतर घरी. आबा खूश. म्हणाले, "म्हणजे जत्रेतला फडच की!" जत्रेतल्या कुस्तीत कोणीही लंगोट लावून उतरतो, अगदी तसं. फरक कुठे आहे, ते शेवटी सांगते.

१) आधी थोडी तोंडओळख

गोल्फ कोर्सला 18 होल असतात. चांगल्या खेळाडूला एका फेरीत जितके फटके लागणं अपेक्षित आहे, त्या आकड्याला 'पार' म्हणतात. तो बहुधा 72 च्या आसपास असतो. होलचा व्यास 108 मिमी, चेंडूचा व्यास कमीत कमी 42.67 मिमी आणि वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम. पिशवीत 14 पेक्षा जास्त क्लब (म्हणजे काठ्या) चालत नाहीत. ज्याचे फटके कमी, तो पुढे.

'हौशी' म्हणजे कच्चा खेळाडू नव्हे. तो पैशासाठी खेळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार हौशी खेळाडू बिनहँडिकॅपच्या स्पर्धेत 700 पौंड किंवा 1,000 डॉलरपर्यंतचं बक्षीस घेऊ शकतो, त्याहून जास्त नाही. याचा दणका बसला अमेरिकेच्या निक डनलॅपला. जानेवारी 2024 मध्ये हा 20 वर्षांचा (आपल्याच वयाचा!) कॉलेजकुमार आयोजकांच्या आमंत्रणावर 'द अमेरिकन एक्सप्रेस' ही पीजीए टूरची स्पर्धा खेळला आणि जिंकला. 1991 मध्ये फिल मिकेलसनने केलेला पराक्रम 33 वर्षांनी पुन्हा झाला. पण 15 लाख 12 हजार डॉलरचा पहिल्या क्रमांकाचा चेक दुसऱ्या आलेल्या खेळाडूला मिळाला. थोड्याच दिवसांत डनलॅप प्रो झाला, हे सांगायला नकोच.

२) हँडिकॅप : गोल्फमधली 'जोड'

कुस्तीत जोड लावतात, म्हणजे बरोबरीचे मल्ल निवडतात. गोल्फमध्ये ते काम हँडिकॅप करतो. सूत्र सोपं आहे:

डिफरन्शियल = (113 ÷ स्लोप) × (स्कोअर − कोर्स रेटिंग)

कोर्स रेटिंग म्हणजे उत्तम हौशी खेळाडूला तिथे लागणारे फटके. स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला तो कोर्स किती जास्त जड जातो त्याचं माप. 113 हा प्रमाण स्लोप. समजा रेटिंग 71.5, स्लोप 125 आणि तुमचा स्कोअर 84. मग 0.904 × 12.5 = 11.3. अशा शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 ची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप इंडेक्स. जास्तीत जास्त 54, आणि 0 म्हणजे 'स्क्रॅच' खेळाडू. क्लबातल्या सामन्यात हँडिकॅपची सूट मिळते. पात्रता फेरीत मात्र शून्य सूट! तिथे हँडिकॅप फक्त दारावर दाखवायचा पास आहे.

३) आत जायची दारं

अ) ओपन स्पर्धा. यूएस ओपनमध्ये कोणताही प्रो, किंवा हँडिकॅप 0.4 पेक्षा जास्त नसलेला कोणताही हौशी अर्ज करू शकतो. आधी 18 होलची स्थानिक फेरी, मग एकाच दिवसात 36 होलची अंतिम पात्रता फेरी. अलीकडे अर्ज 10 हजारांच्या वर जातात आणि मुख्य स्पर्धेत जागा 156. त्यातही साधारण निम्म्याच पात्रता फेरीतून भरतात. ब्रिटनच्या 'द ओपन'ची पद्धतही अशीच, दोन टप्प्यांची. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2012 मध्ये आशियातल्या पात्रता फेरीतून तिथे पोहोचला आणि मुख्य स्पर्धेत त्याने चक्क 'होल इन वन' मारला. तेव्हा तो प्रो होता, पण दार तेच.

ब) मंडे क्वालिफायर. अमेरिकेत स्पर्धा गुरुवारी सुरू होते. त्याआधी सोमवारी 18 होल खेळवून परंपरेने चार जागा भरल्या जात. एका दिवसाचा खेळ, एका दिवसाचं नशीब.

क) क्यू-स्कूल. नाव शाळेचं, पण शिकवत काहीच नाहीत, नुसती परीक्षा! आपल्याकडे 2006 मध्ये प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया (पीजीटीआय) सुरू झाली. तिच्या क्यू-स्कूलमध्ये आधी प्राथमिक फेऱ्या, मग 72 होलची अंतिम फेरी. वरच्या साधारण तीसेक जणांना मोसमभर खेळायचं 'कार्ड' मिळतं. फी आणि हौशींसाठीच्या अटी त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात बघाव्यात. बंगळुरूची अदिती अशोक डिसेंबर 2015 मध्ये 17 व्या वर्षी हौशी म्हणूनच युरोपच्या महिला टूरची क्यू-स्कूल खेळली आणि पहिली आली. पुढच्याच वर्षी तिने महिलांची इंडियन ओपन जिंकली. लेडीज होस्टेलने नोंद घ्यावी!

ड) मोठी हौशी स्पर्धा जिंकणे. 2009 पासून होणाऱ्या आशिया-पॅसिफिक हौशी स्पर्धेच्या विजेत्याला मास्टर्स आणि द ओपन या दोन्हींचं आमंत्रण मिळतं. 2018 मध्ये आपला रेहान थॉमस तिथे संयुक्त दुसरा आला. दोन फटक्यांनी दार हुकलं.

४) आता थोडं एम-थ्री

मला प्रश्न पडला, स्क्रॅच खेळाडूला पात्र व्हायची संधी नेमकी किती? नॉर्मल डिस्ट्रिब्युशन घेऊन गणित मांडलं. हे माझं कागदावरचं गणित आहे, चूक दिसली तर सरांनी कान धरावा.

हँडिकॅप सगळ्या फेऱ्यांची सरासरी नाही, फक्त चांगल्या 8 ची आहे. इथेच सगळे फसतात. रेटिंग 72 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन 3 फटके धरलं, तर 0 हँडिकॅपवाल्याची खरी सरासरी 72 नाही, जवळपास 74.9 येते. समजा पात्र व्हायला 68 हवेत. मग z = (68 − 74.9) ÷ 3 = −2.3. म्हणजे शंभरात एकदा.

हेच 36 होलला बघा. दोन फेऱ्या मिळून 136 हवेत, सरासरी 149.8, डेव्हिएशन 4.24. संधी साधारण 1,700 मध्ये एकदा! फेऱ्या वाढल्या की नशिबाचा वाटा असा घटत जातो.

पण गंमत पुढे आहे. त्याच खेळाडूने सरासरी फक्त दोन फटक्यांनी सुधारली, तर 36 होलची तीच संधी 1,700 मध्ये एकवरून जवळपास 100 मध्ये एकवर येते. म्हणजे सतरा पट! दोन फटके म्हणजे काय, तर 18 होलमध्ये दोन सोपे पट न चुकवणे. मला हा भाग फार आवडला. एखाद्या दिवशी चमत्कार व्हावा म्हणून वाट बघण्यापेक्षा रोजची सरासरी थोडी हलवलेली बरी. (सेमिस्टरला आणि कॅम्पसलाही हा फंडा लागू पडतो, पण ते लेक्चर नको.)

५) फड उघडा असला की कोण कोण येतं!

1976 मध्ये मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाच्या इंग्लंडमधल्या क्रेनचालकाने द ओपनच्या पात्रता फेरीचा अर्ज भरला. हौशी म्हणून भरायचा तर हँडिकॅप दाखवावा लागला असता, म्हणून गड्याने सरळ 'प्रोफेशनल' लिहून टाकलं. स्कोअर झाला 121, म्हणजे पारपेक्षा 49 जास्त! आयोजक भडकले. पुढे हा पठ्ठ्या खोटी नावं घेऊन आणि वेश बदलून पुन्हा पुन्हा आला.

हसून झालं की दुसरी बाजूही बघा. 1965 मध्ये आपली इंडियन ओपन जिंकली बिल्लू सेठी यांनी, तेही हौशी असताना. ती जिंकणारे ते पहिले भारतीय. पुढचा भारतीय विजेता यायला 1991 साल उजाडलं. तो अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून काम केलेला. एस.एस.पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या क्लबवर हिरवळ राखायचे. मुलाने 2008 मध्ये इंडियन मास्टर्स जिंकली आणि 2016, 2017 अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन.

आणि आपला मराठी माणूस? पुण्याचा उदयन माने. हौशी म्हणून 2014 ची इंचॉन आशियाई स्पर्धा खेळला, 2015 मध्ये प्रो झाला आणि देशातल्या टूरवर एकेक स्पर्धा खेळत क्रमवारीत वर सरकत राहिला. टोकियो ऑलिंपिकच्या यादीत तो थोडक्यात बाहेर होता. 2021 च्या जुलैत अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि जागा उदयनला मिळाली. याला नशीब म्हणाल, तर वेटिंग लिस्टमध्ये तेवढं वर नाव असणं हे मात्र नशीब नव्हतं.

६) मग अडतं कुठे?

आता आबांच्या फडाकडे वळते. जत्रेत उतरायला लंगोट पुरतो. गोल्फच्या पात्रता फेरीत हौशीला हँडिकॅप लागतो. हँडिकॅपसाठी मान्यताप्राप्त क्लबात नोंदलेल्या फेऱ्या लागतात. आणि क्लबात शिरायला ओळख आणि पैसा. मी आणि दादा एकदा एका शहरात गोल्फ कोर्स बघायला गेलो होतो. फक्त बघायला. गेटवरच्या काकांनी विचारलं, "मेंबर कोण?" आम्ही कुंपणाबाहेरून दहा मिनिटं हिरवळ बघितली आणि परत आलो.

म्हणजे मोठा दरवाजा उघडा आहे, पण अंगणाचं फाटक बंद. अली शेर आत गेला तो दुसऱ्यांच्या पिशव्या उचलत, चौरसिया गेला तो वडिलांच्या नोकरीमुळे. खेळायची अक्कल फाटकाबाहेरच्यांकडेही असते, हे त्या दोघांनी दाखवून दिलं. ज्यांना कुठूनच आत जाता आलं नाही ते किती असतील, हे कोणत्याही स्कोअरबोर्डवर येत नाही. सिडकोने खारघरला बांधलेल्या कोर्सवर क्लबाचा मेंबर नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. अशी मैदानं मराठवाड्यातही झाली, तर जोड लावायला माणसं कमी पडणार नाहीत.

सुट्टी संपताना हे सगळं आबांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फड खुला म्हणायचा, तर तालीमही खुली पाहिजे."

माझ्या सहा पानांच्या नोट्सचं सार त्यांनी एका वाक्यात काढलं. व्हायवाला आबांना बरोबर न्यावं म्हणते!